काशाचं ताट आणि पांढऱ्या शेपटीचं पाखरू

ऐकू येते का मागे? येते? बरं.

पाहा, तोंडातून पहिलं वाक्य हेच निघालं. हे माझं वाक्य नाही. हे मांडव-स्पीकरवाल्या पत्रूभाऊंचं आहे. या गावात लग्न असो, नाटक असो, गणपती असो, पहिले भाऊ माइकपाशी येत, त्याच्यावर दोन टिचक्या मारत आणि विचारत, "ऐकू येते का जी मांगं?" मागचे लोक हात वर करत, मग कार्यक्रम सुरू होई. आज हे कोणीतरी विचारायलाच पाहिजे होतं, म्हणून मी विचारलं.

जमलेल्या भावांनो, बायांनो, कौसल्यावहिनी, भाऊंचा मुलगा गजानन, सूनबाई, आणि पाखरू मंडळातल्या माझ्या सोबत्यांनो. बोलायला उभी तर राहिली, पण नजर कुठे ठेवू ते समजत नाही. समोर पाहते तर तुम्ही बसले आहात त्या खुर्च्या भाऊंच्या. वर पाहते तर मांडव भाऊंचा. हातात माइक आहे, तोही त्यांचाच. कुरखेड्यात शोकसभा घ्यायची म्हटली तर सामान दुसऱ्या कोणाकडून आणणार? माणूस आपल्याच मांडवात पाहुणा होऊन बसला आहे, फोटोत, हार घालून.

बाहेरगावचे लोक आले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मी निर्मला. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे माझी नोकरी झाली. अर्ध्या तालुक्याला खोकल्याचं औषध मी दिलं आहे. आता रिटायर झाली आणि पाखरं पाहते. मी माइकवर आली की भाऊ खाली मशीनपाशी बसून हसत. म्हणत, "बाई माइकवर गेल्या का पुन्याच्या होतेत." आज ते हसायला नाहीत, म्हणून शुद्ध बोलायचं ठरवून आली आहे. किती वेळ टिकते ते पाहू.

एक गोष्ट पहिलेच सांगून टाकते. मी इथे फार रडवायला उभी नाही. भाऊ मागच्या आठवड्यात गेले ते दुपारचं जेवण झाल्यावर. वांग्याची भाजी मागून, दुसऱ्यांदा मागून खाल्ली, भिंतीला टेकले आणि गेले. डॉक्टरांनी वांगं बंद केलं होतं, हा भाग सोडून द्या. असं भरल्या पोटानं जायला नशीब लागते. दुःख आहे. मला आहे, तुम्हाला आहे, वहिनींचं तर बोलूच नये. पण तक्रार नाही. भाऊंनी कोणाजवळ तक्रार ठेवली नाही, तर आपण त्यांच्या नावानं काऊन करायची?

पाहा, "काऊन" आलंच. नाही टिकत.

आपलं पाखरू मंडळ सुरू झालं तेव्हा उद्घाटनाला स्पीकर सांगितला होता. भाऊ पेटी घेऊन आले. बॅनर वाचला. मला म्हणाले, "बाई, पाखराइच्या मंडळाले भोंगा कायले पाह्यजे जी? सारे उडून जातीन ना." मी म्हटलं, "भाऊ, भोंगा माणसांसाठी आहे." ते खाली बसले, साऱ्यांची भाषणं ऐकली आणि शेवटी विचारलं, "मी येऊ का तुमच्यासंग?"

आता विचार करा. हा माणूस आयुष्यभर दोन भोंग्यांच्या मधे उभा राहिला. हिवाळाभर झाडीपट्टीतल्या नाटकांना आवाज दिला, उन्हाळाभर लग्नांना. अशा माणसाचे कान काय राहतील? आणि ज्याचे कान असे, त्याचा आवाज कसा असेल? भाऊंचं कुजबुजणं म्हणजे आपली हाक. माझ्या खिडकीवर "शांतता राखा" अशी पाटी होती. त्या पाटीखाली उभं राहून भाऊ विचारत, "बाई, हे गोळी जेवनाच्या आंधी का मंग?" आणि आतल्या वॉर्डातून पेशंट ओरडून उत्तर देत, "जेवणानंतर!"

असा माणूस पाखरं पाहायला आला! जिथे पहिला नियम हा की बोलायचं नाही.

मंडळाच्या वर्षाला तीन सहली. मोहाची फुलं पडतात तेव्हाची एक. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, निघतात, बाया टोपल्या घेऊन रानात सात्या वेचायला जातात, तेव्हाची दुसरी. आणि धान कापून झालं की तलावावरची तिसरी, हिवाळी. भाऊंची पहिली सहल ही हिवाळी. तलावावर पट्टकादंब उतरले होते. डोक्यावर काळे पट्टे असलेले ते मोठे हंस, हिमालय ओलांडून येतात. आम्ही पाळीच्या आडून वाकून, बसून, रांगत पुढे सरकलो. दुर्बीण डोळ्याला लावतो न लावतो तोच मागून आवाज आला, "ओ बाई, चाय घेता का?"

सारा थवा आभाळात!

सलीमभाई तेव्हा इतके चिडले होते की बोलता सोय नाही. सलीमभाई, तुम्ही इथे समोर बसले आहात, नाही म्हणू नका. आमचे सलीमभाई म्हणजे बाजारातल्या मशिदीच्या बाजूला ज्यांचं शिलाईचं दुकान आहे ते. त्यांची नजर अशी की सुईत दोरा आणि फांदीत पाखरू एका दमात दिसते. ते म्हणाले, "पत्रूभाऊ, हिमालय पार करके आये बेचारे, और तुमने चाय पूछ के भगा दिया." भाऊ शांतपणे वर बोट दाखवून म्हणाले, "बसलेले त सारेच पाह्यतेत. उडताना कोनं दाखवले? मी."

आणि खरं सांगू? उडताना ते फार सुंदर दिसत होते.

भाऊंना पुढे चालू देणं शक्य नव्हतं. मग त्यांनी आपलं काम आपणच शोधलं. ते स्वयंपाकी झाले. आम्ही रानात फिरायचो, ते गाडीपाशी चूल मांडायचे. कणकेचे पानगे निखाऱ्यात टाकायचे, वांग्याची भाजी टाकायचे. मंडळात काही लोक पाखरांसाठी येत होते आणि काही भाऊंच्या पानग्यांसाठी, हे आता लपवण्यात अर्थ नाही. दोन-तीन चेहरे इथूनच दिसून राहिले आहेत मला.

आता ताटाची गोष्ट सांगते. भाऊ सांगायचे तर ती सांगावीच लागते.

एका पावसाळी सहलीला सलीमभाईंनी आम्हाला नवरंग दाखवला. पाऊस लागला की येतो, अंगावर इतके रंग की कोणता पहिले पाहावा हे समजत नाही. सारे खूश. जेवायला बसलो, समोर पळसाच्या पत्रावळी. भाऊंच्या कढईवर झाकण म्हणून एक काशाचं ताट होतं. जुनं, जड, सोन्यासारखं घासलेलं. भाऊंनी ते उचललं, पुसलं, त्याच्यात पहिले वाढलं आणि सलीमभाईंच्या समोर ठेवलं. म्हणाले, "आजचं पाखरू याहिनं दाखवलं. पयलं ताट याहिचं."

बस. त्या दिवसापासून तो आपल्या मंडळाचा कायदा झाला. जेवायला बसलं की भाऊ विचारणार, "आजचं पाखरू कोनतं?" साऱ्यांनी एकमतानं सांगायचं. ते पाखरू ज्यानं पहिले दाखवलं, त्याला काशाचं ताट. बाकीचे पत्रावळीवर.

ते ताट वहिनींच्या माहेरचं, लग्नातलं होतं. आणि ते रानात जाते हे वहिनींना माहीत नव्हतं. त्या घरी ताट शोधत होत्या आणि भाऊ सोबतीनं शोधू लागत होते! "कुठी गेलं बापा," असं म्हणत. हे मला वहिनींनीच सांगितलं. जेव्हा कळलं तेव्हा घरी काय झालं ते मात्र सांगितलं नाही.

वर्षामागून वर्षं त्या ताटात साऱ्यांनी जेवून घेतलं. मी जेवली. सलीमभाई तर इतक्यांदा जेवले की आम्ही म्हणायचो, ताटावर नावच टाकून घ्या. आपल्या शाळेतली प्रणाली मॅडम नवीन आली, पहिल्याच सहलीत तिनं शिक्रा दाखवला आणि ताट नेलं. फक्त एका माणसाला ते ताट कधी मिळालं नाही. जो वाढत होता त्याला. भाऊ शेवटी बसत, पत्रावळीवर.

प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा धापा टाकत आले आणि सांगितलं, "घुबड!" आम्ही पळत गेलो. मोहाच्या झाडावर खरंच घुबडासारखं काही बसलं होतं. साऱ्या दुर्बिणी लागल्या. घुबड हलेना. खूप वेळ गेला. शेवटी सलीमभाई झाडाखाली जाऊन पाहून आले. तुटलेल्या फांदीचा खुंट होता. भाऊ म्हणाले, "झोपलं असन." तो खुंट अजून आहे. आम्ही तिकडून गेलो की त्याला रामराम करतो.

एकदा मी नाल्यावर हात धुवायला गेली. भाऊ राखेनं ताट घासत बसले होते. मला म्हणाले, "बाई, मले एकदा तरी या ताटात जेवाचं हाये."

मी म्हटलं, "भाऊ, तुमचंच ताट आहे. घरी जेवा ना रोज."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी काही अडाण्यासारखं बोलली. म्हणाले, "घरी जेवलो त तो मान नाई होत ना, बाई. घरी त भूक होते."

हसून बोलले होते. पण ताट घासत होते तो हात थांबला होता. मी ते विसरली नाही.

मागच्या हिवाळ्यात भाऊंच्या छातीत दुखलं. गडचिरोलीला नेलं, परत आणलं. गोळ्या सुरू झाल्या. आता गोळ्यांबद्दल मला कोणी शिकवू नये. चिठ्ठी पाहिली आणि समजून गेली की भाऊंच्या पुढे फार सहली नाहीत. मोहाची सहल जवळ आली होती. एका संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानात आम्ही मंडळातले सारे बसलो. भाऊंना न सांगता. प्रणाली म्हणाली, "या वेळचं ताट भाऊंना मिळालं पाहिजे."

सलीमभाईंनी लगेच मान हलवली. नाही म्हणून. ते म्हणाले, "दिया तो क्या मजा? देनं म्हंजे भीक. पत्रूभाऊ घेनार नाई." खरं होतं. मग खूप वेळ बोलणं झालं आणि एक ठरलं. द्यायचं नाही. खूण करायची नाही. बोट दाखवायचं नाही. फक्त आपण बोलायचं नाही. पाखरू कोणालाही दिसो, कितीही भारी दिसो, तोंड बंद. भाऊंना स्वतःला दिसू द्यायचं. ते बोलले की मग आपण पाहायचं.

मंडळी, पाखरं पाहणाऱ्या माणसाला पाखरू दिसल्यावर चूप राहायला सांगून पाहा. शिंक दाबून धरणं सोपं आहे.

सहलीच्या दिवशी भाऊंना आम्ही पुढे चालायला लावलं. "आज तुम्ही पुढे." ते म्हणाले, "काऊन? वाघ पयले मले खाईन म्हनून का?" पानगे निखाऱ्यात टाकून झाले होते, ड्रायव्हर लक्ष ठेवून होता. आम्ही निघालो. भाऊ पुढे, मागे आम्ही साऱ्यांनी एक घोळका केलेला.

डाव्या हाताला हळद्या बसला. पिवळाजर्द. मी आभाळ पाहायला लागली. तांबट ओरडत होता, कोणी मान वर केली नाही. वाटेवर सर्पगरुड आला, समोरच्या वाळक्या झाडावर इतका मोठा बसला की त्याला न पाहण्यासाठी मेहनत लागत होती. प्रणालीनं चपलेचा पट्टा लावायला घेतला. सलीमभाई खाली वाकून आपले बूट असे पाहत होते, जसे ते बूट त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. आणि भाऊ पुढे, त्या दिवशी कसे काय, एक शब्द बोलत नव्हते. ज्या दिवशी त्यांनी बोलावं म्हणून आम्ही जीव टाकून राहिलो होतो, नेमके त्याच दिवशी!

झाडांखाली बाया मोहफुलं वेचत होत्या. एकीनं कंबर सरळ केली, आमचा घोळका पाहिला आणि विचारलं, "काय जी, कोनाची मयत झाली का? सारेच खाली मुंडी घालून चाल्ले!"

त्या दिवशी आम्हाला हसू दाबवत नव्हतं.

मग आम्ही नाल्यापाशी आलो. डोहात थोडंसं पाणी राहिलं होतं. आणि पाण्यावर झुकलेल्या फांदीवर तो बसला होता. स्वर्गीय नर्तक. नर. पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि मागे ती लांब शेपटी, लग्नाच्या मांडवातल्या फितीसारखी. सारं रान वाळून करडं झालेलं आणि त्याच्यात हे एवढं पांढरं. आंधळ्यालाही दिसावं. आमच्या मंडळाच्या एकाही सहलीत तो दिसला नव्हता. मी दहा वेळा त्याचं चित्र पाहिलं असेल पुस्तकात.

भाऊ उभे राहिले. आम्ही उभे राहिलो.

तो उडाला, पाण्यात बुडी मारली, परत फांदीवर बसला. शेपटी मागाहून आली. पुन्हा उडाला, पुन्हा बुडी. पुन्हा बसला. पंख झटकले.

कोणी बोललं नाही.

मी भाऊंच्या पाठीकडे पाहत होती. मनात म्हणत होती, भाऊ, बोला. आता बोला. "थे पाहा" म्हणा. "बाई, पाखरू" म्हणा. काहीही म्हणा. ओरडून म्हणा, आज कोणी रागावणार नाही. सलीमभाईंचे डोळे भरून आले होते. कशानं, ते त्यांनाच माहीत. पाखरू तसंच भाऊंच्या नाकासमोर नाचून राहिलं होतं आणि भाऊ, हा मांडवातला भोंगा, खांबासारखा चूप.

शेवटी ते उडून गेलं. नाल्याच्या वळणावर शेपटी एकदा दिसली आणि संपलं.

भाऊ मागे फिरले. त्यांनी आम्हा एकेकाचं तोंड पाहिलं. एकेकाचं. आणि म्हणाले, "चला, पानगे जळतीन."

जेवायला बसलो. भाऊंनी ताट पुसलं आणि विचारलं, "आजचं पाखरू कोनतं?"

आता काय सांगणार? नाव घेतलं तर ज्यानं नाव घेतलं त्याचं ताट. सारे चूप.

"कोनालेच नाई दिसलं?"

मी म्हटलं, "नाही, भाऊ."

"साऱ्याइचे डोळे एकदमच गेले का बापा?" असं म्हणून भाऊंनी ताट कापडात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. म्हणाले, "आज ताट उपाशी चाल्लं घरी." इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. पानगे फार चांगले झाले होते, पण कोणाला गोड लागले नाहीत. भाऊ तेवढे मजेत जेवले.

परत येताना गाडीत आम्ही डोळ्यांनीच बोलत होतो. भाऊंना दिसलं नाही! कान तर गेलेच होते, आता डोळेही गेले. नाकासमोरचं पांढरं पाखरू दिसू नये! मला राहवलं नाही. दोन दिवसांनी मी त्यांच्या दुकानात गेली आणि म्हटलं, "भाऊ, एकदा डोळे तपासून घ्या. मी सोबत येते." भाऊ वायर गुंडाळत होते. म्हणाले, "माहे डोळे चांगले हायेत, बाई. तुमचेच पाहून घ्या एकदा." मला वाटलं, थट्टा करून राहिले.

उन्हाळा गेला. पावसाळी सहलीला भाऊंना डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही. आम्ही गेलो, लवकर परत आलो, जेवण घरूनच नेलं होतं. त्या जेवणाबद्दल न बोललेलं बरं. आणि मग मागचा आठवडा.

परवा मी वहिनींकडे बसायला गेली. तुम्ही सारे जाऊन आले असाल. बाया बसल्या होत्या, उठून गेल्या, मी आणि वहिनी राहिलो. वहिनींनी मला विचारलं, "बाई, एक गोष्ट सांगा. मोहाच्या सहलीत तुमी सारे चूप काऊन होते?"

 मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

वहिनी म्हणाल्या, "याहिनंच सांगतलं. थ्या दिवशी घरी आले. म्हने, कौसल्या, आज पांढऱ्या शेपटीचं पाखरू पाह्यलं. असं पाखरू मी जिंदगीत पाह्यलं नाई. म्हने, साऱ्याइच्या आंधी मले दिसलं. वळनावरूनच दिसलं. मी बोलनारच होतो, तोंड उघडलं, आन् मांगं पाह्यलं त सारे चूप. सलीमभाई बूट पाहून राह्यले, बाई आभाळ पाहून राह्यल्या. म्हने, मले एकदम समजलं. हे माह्यासाठी थांबले हायेत."

मंडळी, त्यांना दिसलं होतं. हळद्या दिसला होता, सर्पगरुड दिसला होता, सारं दिसलं होतं. आम्ही त्यांना फसवून राहिलो होतो आणि ते आम्हाला पाहून राहिले होते.

मी विचारलं, "मग बोलले काऊन नाहीत, वहिनी? ताट त्यांचंच होतं!"

वहिनी म्हणाल्या, "मी बी तेच म्हनलं. त म्हने, कौसल्या, जलमभर मले लोकाइनं चूप बस म्हनलं. शाळेत म्हनलं, मायनं म्हनलं, तू म्हनते. मी आलो का लोक कानावर हात ठेवतेत. आन् आज माह्यासाठी सारेच्या सारे चूप उभे. मी बोलावं म्हनून. असं माह्यासाठी कोनी कधी थांबलं नाई. म्हने, मी बोललो असतो त थे संपलं असतं. मंग मी काऊन मोडू? जितका वेळ टिकन तितका वेळ उभा राह्यलो."

 वहिनी उठल्या, फळीवरून ते काशाचं ताट काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "थ्या दिवशी संध्याकाळी याहिनं मले हे ताट मांगतलं. मी म्हनलं, हे त तुमच्या पाखरावाल्याइचं. म्हने, आज याच्यातच वाढ. आज मान हाये."

घरी जेवलं तर तो मान होत नाही, भूक होते, असं मला सांगणारा माणूस. त्यानं त्या दिवशी आपल्या घरी, आपल्या बायकोच्या हातानं, मानाचं ताट घेतलं. आम्ही सारे गाडीतून मान खाली घालून घरी गेलो होतो आणि भाऊ तिकडे जेवून राहिले होते. वांग्याचीच भाजी होती. वहिनी सांगतात, दोनदा मागितली.

आता मला सांगा, याच्यावर रडायचं कसं?

रडू आलं, ते वेगळं. वहिनी आणि मी दोघी रडलो, आणि मग ताट शोधायच्या गोष्टीवर दोघी हसलो. बाहेर बसलेल्या लोकांना काय वाटलं असेल कोणास ठाऊक.

वहिनींनी ताट मंडळाला दिलं आहे. ते तिथे आहे, फोटोजवळ. धान कापून झालं की हिवाळी सहल नेहमीसारखी निघेल. वहिनी सोबत येणार आहेत. मला म्हणाल्या, "एवढे वर्सं ताट घासून राह्यली, एकदा पाखरं त पाहू द्या." पण त्यांनी एक अट घातली आहे, ती साऱ्यांच्या समोर सांगते. पाखरू दिसलं की बोलायचं. "माह्यासाठी चूप राहू नका," म्हणतात, "मले मान नाई पाह्यजे, मले पाखरू पाह्यजे." ही बाई भाऊंच्या घरात शोभूनच दिसत होती.

बोलणं लांबलं. मागचे उठायला लागले की भाऊ खालून खूण करत, "आवरा जी." आज खूण करणारं कोणी नाही, म्हणून मलाच आवरलं पाहिजे.

शोकसभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहतात. मंडळी, ते आपण करू. पण मी घड्याळ पाहणार नाही. पाखरू मंडळातल्या लोकांना हे कसं उभं राहायचं ते येते. आम्ही एकदा उभे राहिलो आहोत. बाकीच्यांना सांगते. त्या नाल्यावर उभे होतो तसं उभं राहायचं. ज्यांना डोळे मिटायचे त्यांनी मिटा. सलीमभाई, तुम्हाला बूट पाहायचे असतील तर पाहा. एवढंच करायचं की पहिले आपण बोलायचं नाही. त्या दिवशी भाऊंना ते आवडलं होतं. आपल्यापाशी त्यांना द्यायला याच्यापेक्षा मोठं काही नाही.

उठा, सारे उभे राहा. वहिनी, तुम्ही बसा.

पत्रूभाऊ, रामराम. आम्ही सारे हायो इथी. कोनी बोलनार नाई. पयले तुमी.

गजानन, माइक बंद कर, बाबू.